डाव्या हाताचा नेम

दिवाळी झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, रात्रभर दंडार रंगते, पोरं आकाशपाळण्यासाठी हट्ट धरून बसतात. अशाच दिवसांत मी अड्याळला माहेरी गेले होते आणि माझ्या नववीतल्या भाचीनं मला ओढत ओढत फुगे फोडायच्या दुकानापुढे नेऊन उभं केलं. मागे लाकडी फळीवर रंगीबेरंगी फुगे, पुढे टेबल आणि टेबलावर छऱ्याच्या दोन लांब बंदुका नि एक पिस्तूल. भाचीला पिस्तूलच हवं होतं. सिनेमे बघून बघून, दुसरं काय!

तिनं पाच छरे मारले. एकही फुगा फुटला नाही. मग मी पदर खोचला नि पाच मारले. माझेही पाचही वाया. भाची हिरमुसली आणि मी लगेच पिस्तुलाला नावं ठेवायला लागले, की ह्या दुकानांतली पिस्तुलं मुद्दाम वाकडीच ठेवलेली असतात. दुकानदार वयस्कर होता. तो रागावला नाही, उठून फळीपाशी गेला आणि बोटानं खुणा दाखवल्या. भाचीचे पाचही छरे लाल फुग्याच्या डावीकडे चार बोटांवर, एकमेकांना चिकटून लागले होते. माझे मात्र एक वर, एक खाली, एक पार पिवळ्या फुग्याजवळ, आणि पाचवा तर सापडलाच नाही. त्यानं निकाल दिला, पोरीचा हात पक्का आहे, पिस्तुलाचा नेम सरकला आहे. बाईंच्या बाबतीत मात्र पिस्तुलाला बोल लावण्यात अर्थ नाही! भाचीनं चार बोटं उजवीकडे नेम धरला आणि सहाव्या छऱ्याला लाल फुगा फटकन फुटला.

घरी आलो तर मोठी आई ओसरीवर बसली होती. गेल्या वर्षी तिला लकवा मारला तेव्हापासून उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असतो. ती सातवी शिकलेली, आमच्या घरातली सही करणारी पहिली बाई. पण आता बँकेत सही जुळत नाही म्हणून अंगठा द्या म्हणतात, आणि अंगठा द्यायला ती तयार नाही. तिला त्या दुकानदाराची गोष्ट सांगताना मला एकदम कारोय टाकाच आठवला.

तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी त्याची गोष्ट मोबाइलवर वाचली असेल. कुठे कॅरोली, कुठे टॅकॅक्स, नाव काहीही लिहिलेलं असतं. एका नेमबाजाचा उजवा हात गेला, तो जिद्दीनं डाव्या हातानं खेळला, जिंकला, पुढे दोन जोडलेले हात आणि सूर्योदयाचं चित्र. गोष्ट खरीच आहे. पण त्या चार ओळींत सगळं श्रेय जिद्दीलाच जातं आणि ते मला नेहमी खटकतं. नुसत्या जिद्दीनं गोळी मध्यभागी लागली असती तर मंडईत माझे पाचही फुगे फुटले असते. गोळी का चुकली हे शोधावं लागतं, आणि ते शोधणं फार किचकट काम आहे.

टाकाचचा जन्म २१ जानेवारी १९१० चा, हंगेरीची राजधानी बुडापेस्टमधला. तो सैन्यात भरती झाला आणि पिस्तुलाच्या नेमबाजीत इतका तयार झाला, की १९३६ पर्यंत जगातल्या उत्तम नेमबाजांत त्याची गणना व्हायला लागली. त्या वर्षी बर्लिनला ऑलिम्पिक होतं. पण हंगेरीच्या संघात त्याला घेतलं नाही. कारण काय, तर तो सार्जंट होता, म्हणजे आपल्याकडच्या हवालदाराच्या बरोबरीचा, आणि संघात फक्त अधिकाऱ्यांनाच जागा होती. नेम कितीही अचूक असो, खांद्यावर पट्टी कुठली आहे ते आधी बघायचं! आपल्याकडे मुलाकतीला गेलेल्या हुशार मुलीला आधी आडनाव विचारतात, तशातलाच प्रकार.

बर्लिननंतर तो नियम उठला. पुढचं ऑलिम्पिक १९४० मध्ये टोकियोला व्हायचं होतं आणि टाकाच त्याच्या तयारीला लागला. १९३८ मध्ये सैन्याच्या सरावात एक सदोष हातबॉम्ब त्याच्या उजव्या हातात फुटला. ज्या हातानं नेम धरायचा तोच निकामी झाला. वय अठ्ठावीस.

हातबॉम्ब हा शब्द आपल्या भागातल्या बायकांना दूरचा वाटत नाही. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. आजूबाजूच्या कित्येक घरांतली माणसं तिथे ड्युटीला जातात. २४ जानेवारी २०२५ ला तिथे स्फोट झाला आणि त्यात कामगारांचे जीव गेले. त्या दिवशी दुपारी कुठल्या घरात कोणाची पाळी होती हे फोन करून करून विचारणाऱ्या बायकांना टाकाचच्या आयुष्यातला तो क्षण वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

महिनाभर तो दवाखान्यात होता. बाहेर आला आणि त्यानं पिस्तूल डाव्या हातात घेतलं. कोणाला सांगितलं नाही, लपून सराव केला.

इथे जरा थांबूया, कारण मोबाइलवरच्या गोष्टीत हा भाग एका वाक्यात उरकलेला असतो आणि खरी मेहनत इथेच आहे.

टाकाचचा खेळ होता २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल. समोर ओळीनं पाच लक्ष्यं असतात आणि पाचांवर एकेक गोळी मारायची असते, कधी आठ सेकंदांत, कधी सहा, कधी फक्त चार. म्हणजे एका गोळीला एक सेकंदही मिळत नाही. आणि पिस्तूल एकाच हातात धरायचं, दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही. ह्या नियमानं बाकीच्यांची परीक्षा वाढते, टाकाचसाठी मात्र तो वरदान ठरला. दोन्ही हात लागणारा खेळ असता तर गोष्ट तिथेच संपली असती.

पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर एक बारीक उंचवटा असतो आणि मागे एक खाच. खाचेच्या बरोबर मध्ये उंचवटा दिसला आणि दोन्हींचे माथे एका रेषेत आले, की नेम बसला. या दोन्हींमधलं अंतर वीत-सव्वा वीत. त्यात एक मिलिमीटरचा फरक पडला तर २५ मीटरवर गोळी दहा-अकरा सेंटीमीटर बाजूला जाते. सुईच्या टोकाएवढी चूक तिथे पोचेपर्यंत तळहाताएवढी होते.

मग गोळी बाजूला जाते तेव्हा दोष कोणाचा, हे कसं ओळखायचं? आमच्या दुकानदारानं केलं तेच नेमबाजीचे शिक्षक करतात. आधी कागदावरची भोकं बघायची. सगळी भोकं एका जागी पण मध्यापासून दूर असतील, तर हात एकसारखा चालतो आहे, पिस्तुलाची खाच सरकलेली असावी. भोकं विखुरलेली असतील तर आधी हाताची चौकशी. तरी शंका उरली तर तेच पिस्तूल दुसऱ्या चांगल्या नेमबाजाच्या हातात द्यायचं, किंवा वाळूच्या पिशवीवर टेकवून झाडून बघायचं. तिथूनही गोळी त्याच बाजूला गेली तर पिस्तूल दोषी. मागची खाच स्क्रूनं सरकवता येते आणि सरकवायचा नियम सोपा आहे, गोळी ज्या दिशेला न्यायची त्याच दिशेला मागची खाच न्यायची. पुढच्या उंचवट्याचं नेमकं उलटं. (खरं पिस्तूल म्हणजे शिवणयंत्र नव्हे हो. परवाना, मैदान आणि शिक्षक ह्यांच्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, आणि रिकामं आहे असं कधीच धरून चालायचं नाही.)

पण शिक्षकांचा अनुभव असा, की दहातल्या बऱ्याच वेळा पिस्तूल निर्दोष सुटतं. उजव्या हातानं खेळणाऱ्या नवख्याच्या गोळ्या खाली आणि डावीकडे जायला लागल्या की शिक्षकाला कागद बघूनच कळतं. गोळी सुटताना आवाज होतो, हाताला झटका बसतो. मनाला ते आधीच ठाऊक असतं. म्हणून चाप ओढायच्या क्षणी हात आपोआप आवळला जातो आणि नळीचं टोक खाली झुकतं. इंजेक्शनची सुई टोचायच्या आधीच आपण दंड ताठ करतो की नाही, तसंच! आणि गंमत म्हणजे माणसाला हे स्वतःला कळत नाही. झटक्याच्या गडबडीत चूक लपून जाते. ती पकडायला शिक्षक एक युक्ती करतात. खऱ्या काडतुसांत गुपचूप एखादं पोकळ काडतूस घालतात. ते आलं की ना आवाज, ना झटका, पण नळी मात्र टुणकन खाली जाते. सगळ्यांसमोर चोर पकडला जातो.

उपाय काय, तर पिस्तूल रिकामं ठेवून नुसता चाप ओढायचा सराव. नळीवर नाणं ठेवायचं आणि ते न पाडता चाप मागे घ्यायचा. फक्त एका बोटानं, बाकीच्या मुठीनं काही न करता. शेकडो वेळा, हजारो वेळा. बघायला कोणी थांबणार नाही इतकं कंटाळवाणं काम.

आणि डोळा. आपल्याला वाटतं नेमबाज लक्ष्याकडे टक लावून बघतो. पिस्तुलाच्या खेळात तो पुढच्या उंचवट्याकडे बघतो, लक्ष्य मागे धूसरच दिसतं. सुई ओवताना आपण नेढ्याकडे बघतो, मागची भिंत अंधुक होते, अगदी तसं. शिवाय आपल्या दोन डोळ्यांपैकी एक मालक असतो. दोन्ही हातांच्या पंज्यांमधून छोटी खिडकी करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा आणि मग एकेक डोळा मिटा. जो मिटल्यावर घड्याळ खिडकीतून पळून जातं तो तुमचा मालक डोळा. बहुतेक उजव्या हातानं काम करणाऱ्यांचा डोळाही उजवाच असतो. आता अशा माणसानं पिस्तूल डाव्या हातात घेतलं तर हात एका बाजूचा नि डोळा दुसऱ्या बाजूचा. मान किती वळवायची, उभं कसं राहायचं, पाय कुठे ठेवायचे, सगळं पहिल्यापासून. पिस्तुलाची लाकडी मूठसुद्धा उजव्या पंजासाठी कोरलेली असते, ती डाव्या हातात बसत नाही. आणि चुका आरशातल्यासारख्या उलट्या होतात. उजव्या हाताची गोळी डावीकडे जायची, डाव्याची उजवीकडे जाते.

म्हणजे जागतिक दर्जाच्या नेमबाजाला पुन्हा पहिलीच्या वर्गात बसावं लागलं. उजव्या हातानं कमावलेलं सगळं डोक्यात शाबूत, पण ते ज्याला शिकवायचं तो हात अडाणी. मला तर वाटतं जन्मतः नवखा असण्यापेक्षा हे अवघड. नवख्याला आपण किती खाली आहोत ते ठाऊक नसतं. टाकाचला प्रत्येक गोळीला ठाऊक असणार.

१९३९ चा वसंत. हंगेरीची राष्ट्रीय पिस्तूल स्पर्धा. अपघातानंतर पुरतं वर्ष-सव्वा वर्षही झालं नसेल, तोवर टाकाच मैदानावर हजर! लोकांना वाटलं, जुन्या मित्रांना भेटायला, खेळ बघायला आला असेल. तो खेळायला उतरला, डाव्या हातानं, आणि जिंकला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नच्या जागतिक स्पर्धेत सांघिक विजेतेपद मिळवणाऱ्या हंगेरीच्या संघातही तो होता.

आता ऑलिम्पिक, असं वाटत असतानाच दुसरं महायुद्ध पेटलं. १९४० चं ऑलिम्पिक रद्द. १९४४ चंही रद्द. खेळाडूच्या आयुष्यातली भर उमेदीची वर्षं अशी गेली. त्याच्या हातात त्यातलं काहीच नव्हतं. पहिल्या वेळी पट्टी आडवी आली, मग बॉम्ब, मग युद्ध.

लंडनला १९४८ मध्ये ऑलिम्पिक भरलं तेव्हा टाकाच अडतीस वर्षांचा होता. सगळ्यांच्या नजरा अर्जेंटिनाच्या कार्लोस एन्रिके दियाझ साएन्झ व्हालिएन्तेवर होत्या. (नाव लांबलचक आहे, पण माणूस तेव्हाचा जगज्जेता होता.) सांगतात, की स्पर्धेच्या आधी त्यानं टाकाचला तो इथे कशाला आला आहे असं विचारलं आणि टाकाचनं शिकायला आलो आहे एवढंच उत्तर दिलं. मग साठ गोळ्यांचा खेळ झाला. ६०० पैकी टाकाचला ५८० गुण, नवा विश्वविक्रम. दियाझला ५७१. नऊ गुणांचा फरक म्हणजे ह्या खेळात फार झाला. टाकाच पुरेसं शिकला आहे, हे दियाझनंही मग मोकळ्या मनानं मान्य केलं म्हणतात.

चार वर्षांनी, १९५२ ला हेलसिंकीत तो पुन्हा उतरला, बेचाळिसाव्या वर्षी. हे तेच ऑलिम्पिक, ज्यात आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. खाशाबा लंडनलाही गेले होते, तिथे ते सहावे आले होते. ह्या वेळी टाकाचला खरा सामना घरच्याच पोराशी द्यावा लागला. सिलार्ड कुन, वय सतरा, टाकाचच्याच हाताखाली तयार झालेला. टाकाचला ५७९, कुनला ५७८. एका गुणानं गुरू जिंकला. रॅपिड फायरमध्ये ऑलिम्पिकची दोन सुवर्णपदकं मिळवणारा तो पहिलाच. मला मात्र त्या सतरा वर्षांच्या पोराच्या रौप्यपदकाचंही तेवढंच कौतुक वाटतं. डाव्या हाताला शून्यापासून शिकवताना माणूस नेमबाजीचा एकेक टाका उसवून बघतो. असा माणूस चांगला शिक्षक झाला नाही तरच नवल.

१९५६ मध्ये मेलबर्नला तो आठवा आला. त्याच सुमारास त्याच्या देशात उठाव होऊन रणगाडे फिरले होते. १९५८ च्या मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत त्याला कांस्य मिळालं. राष्ट्रीय विजेतेपदं म्हणाल तर पस्तीस! ज्याला केवळ सार्जंट म्हणून संघाबाहेर ठेवलं होतं, तो लेफ्टनंट कर्नल होऊन सैन्यातून निवृत्त झाला. ५ जानेवारी १९७६ ला तो गेला.

पिस्तूल नेहमीच निर्दोष असतं असं मात्र समजू नका हं. २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलाचा एक भाग ऐन स्पर्धेत मोडला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि तिची अंतिम फेरी हुकली. तेव्हा लोक काय काय बोलले! तीन वर्षांनी पॅरिसला तिनं दोन कांस्यपदकं घेतली. आणि आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत टाकाचसारखीच २५ मीटरवर पिस्तूल चालवते. दुखापतीमुळे मधला काही काळ ती खेळापासून लांब होती. परत आली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिनं सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

हे सगळं मी त्या रात्री मोठ्या आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या माणसाला कोणी डाव्या हातानं जेवू नको म्हणून टोकलं नाही का? मी गप्प झाले. आपल्याकडे डावा हात म्हणजे प्रसादाला पुढे न करायचा हात. डावखुऱ्या पोरीच्या हातावर पट्टी मारून तिला उजवी करतात. लकवा झाल्यावर मोठी आई डाव्या हातानं घास घ्यायला लागली तेव्हा घरातल्यांनी, मीही त्यात होते, तिला चमच्यानं भरवायला सुरुवात केली. बरं दिसत नाही म्हणून. तिला काय वाटत असेल, हे कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर डाव्या हातानं सही गिरवत होती. अशी पानं तिच्या गादीखाली पुष्कळ निघाली. म्हणजे तीही लपूनच सराव करत होती! अक्षरं मोठी मोठी आणि सगळी एका बाजूला कललेली. मला वाईट वाटलं. पण भाची मंडईतली तरबेज नेमबाज. तिनं चार पानं शेजारी शेजारी मांडली आणि जाहीर केलं, की सगळी अक्षरं एकाच बाजूला, एकसारखीच पडतात, म्हणजे मोठ्या आजीचा हात पक्का आहे, कागदच सरळ ठेवलेला चुकतो आहे. तिनं कागद थोडा उजवीकडे फिरवून तिरपा केला आणि वरून उलथं झाकण ठेवून तो हलू नये अशी सोय केली.

तिसऱ्या ओळीला सही उभी राहिली.

नव्या सहीचा नमुना द्यायला मोठी आई पुढच्या सोमवारी बँकेत जाणार आहे. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाली. भाचीला नेणार आहे.